डोंगरी सायकलशर्यतीची वाट कशी आंखतात?

खानदेशाचें रूप नकाशावर एखाद्या लांबट परातीसारखें दिसतें. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग, आणि मध्यें पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी. परातीच्या तळाशीं कापूस, केळी आणि ज्वारी. कांठावर सागाचें विरळ रान, तांबूस मुरूम आणि उघडा काळा खडक. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या उतारूस आगगाडीच्या खिडकींतून हा तळ तेवढा दिसतो, आणि खानदेश म्हणजे सपाट मुलूख अशी त्याची समजूत होऊन बसते. डोंगरी सायकल घेऊन जो या कांठावर चढेल त्याची ही समजूत पहिल्या तासाभरांतच दूर होईल.

डोंगरी सायकल, म्हणजे ज्या यंत्रास आतां सर्वत्र माउंटन बाइक म्हणतात तें, फार जुनें नाहीं. कॅलिफोर्नियांतील मारिन परगण्यांत १९७६ सालापासून कांहीं तरुण जुन्या जाड धांवांच्या सायकली घेऊन डोंगरावरच्या कच्च्या वाटेनें खालीं सुटण्याची शर्यत लावीत. त्या उतारावर ब्रेक इतके तापत कीं चाकाच्या तुंब्यांतील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर तें नव्यानें भरावें लागे. त्या शर्यतीचें नांवच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हां भरणें’, असें पडलें. त्यानंतर चौदा वर्षांनीं, १९९० सालीं, अमेरिकेंतील ड्युरँगो येथें या खेळाचें पहिलें अधिकृत जागतिक अजिंक्यपद ठरलें, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिकमध्यें त्यास स्थान मिळालें.

अनेक दिवस चालणाऱ्या सायकलशर्यतीची कल्पना याहून पुष्कळ जुनी. एका फ्रेंच वृत्तपत्रानें १९०३ सालीं आपला खप वाढविण्यासाठीं ‘तूर द फ्रान्स’ सुरू केली तेव्हां तींत सहा टप्पे होते आणि अंतर २,४२८ किलोमीटर होतें. ही कल्पना डोंगरांत नेण्याचें श्रेय घेणाऱ्या शर्यती अनेक आहेत. दक्षिण आफ्रिकेंतील ‘केप एपिक’ २००४ मध्यें सुरू झाली. आपल्याकडे हिमाचल प्रदेशांत २००५ पासून अशी शर्यत होऊं लागली. महाराष्ट्रांत २०२६ च्या जानेवारीत पुणें जिल्ह्यांत आंतरराष्ट्रीय दर्जाची बहुदिवसीय शर्यत झाली, परंतु ती पक्क्या सडकेवरची. सडकेच्या शर्यतीचा मार्ग सडकेनें आधींच आंखून ठेवलेला असतो, निवड करावयाची ती अनेक सडकांपैकीं एकीची. डोंगरी शर्यतीचा मार्ग मात्र शोधून काढावा लागतो, आणि तो सांपडला तरी त्यावरून शंभर-दीडशें माणसें सुखरूप परत येतील कीं नाहीं हा निराळाच प्रश्न उरतो.

जळगांव आणि धुळें या दोन जिल्ह्यांत सहा दिवसांची अशी शर्यत आंखावयाची झाली तर ढोबळ रेषा कोणासही सुचेल. चाळीसगांवाहून निघावें, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्यानें पूर्वेस फर्दापुराकडे जावें, तेथून जामनेरावरून मुक्ताईनगरास तापी-पूर्णेच्या संगमाशीं यावें, रावेर गांठून सातपुड्यांतील पाल येथें चढावें, मग सातपुड्याच्या कडेकडेनें यावल, चोपडा, शिरपूर करीत पश्चिमेस यावें आणि शेवटीं दक्षिणेस वळून धुळ्यास पोंचावें. परातीच्या कांठास अशी जवळजवळ पूर्ण प्रदक्षिणा होते. कागदावर हें काम पांच मिनिटांचें आहे. खरें काम त्यानंतर सुरू होतें, आणि तें सहा-आठ महिन्यांत पुरें झालें तर लवकर झालें म्हणावयाचें.

पहिली गोष्ट चढाची. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर सामान्यतः दर वीस मीटर उंचीस एक समोच्चरेषा असते. वाटेवर दोन रेषांमधील अंतर चार मिलिमीटर भरलें तर जमिनीवर तें दोनशें मीटर होतें, आणि दोनशें मीटरांत वीस मीटर चढ म्हणजे शेंकडा दहा. सराव असलेला स्वार हा चढ बसून चढतो. तेंच अंतर दोन मिलिमीटर असेल तर चढ शेंकडा वीस होतो. सुट्या मुरुमावर तेथें मागचें चाक जागच्या जागीं फिरूं लागतें आणि बहुतेकांना उतरून सायकल ढकलावी लागते. ढकलण्यांत कमीपणा नाहीं, पण टप्प्यांतील अर्धा वेळ सायकल ढकलण्यांत गेला तर ती शर्यत सायकलची म्हणावयाची कशी? म्हणून आंखणी करणारा असा चढ एका दिवसांत एखादाच, तोही लहान, ठेवतो. शिवाय नकाशावर दोरा ठेवून वाट मोजली कीं ती नेहमीं कमी भरते, कारण बारीक वळणें दोऱ्यास दिसत नाहींत. प्रत्यक्ष सायकलीवरून मोजलेलें अंतर तेंच खरें.

पाटणादेवीच्या परिसरांत हा हिशेब करणाऱ्यास एक गंमत आठवावी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिला, त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख याच पाटण्यास भाऊ दाजींना सांपडला. गणिताचें पाठांतर जेथें होई तेथेंच आज चढाचें त्रैराशिक मांडावें लागतें.

परंतु पाटणादेवीपासून डोंगरावर जाण्याचा मोह आवरावा लागतो. हें रान १९८६ पासून गौताळा-औट्रामघाट अभयारण्यांत आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणें तेथें परवानगीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. जवळच्या पितळखोऱ्याचीं लेणीं संरक्षित स्मारक आहेत. राहिला कन्नड घाट. खानदेशांतील भिल्ल पलटणीचा १८२५ पासूनचा अधिकारी जेम्स औट्रम याचें नांव त्या घाटास जोडलेलें आहे. चाळीसगांवाकडून तो सुमारें तीनशें मीटर चढतो आणि स्वारांच्या दृष्टीनें फार सुंदर आहे. पण तो मोठ्या रहदारीचा राजमार्ग आहे, आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजीं अतिवृष्टीनें तेथें दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता. शर्यतीसाठीं हा घाट सोडून देणेंच शहाणपणाचें. डोंगराच्या पायथ्याशीं शिवरस्ते आणि गाडवाटा पुष्कळ आहेत. गांवनकाशावर त्या दाखविलेल्या असतात. मात्र नकाशावर आहे म्हणून ती वाट शेतांत शिल्लक असेलच असें नाहीं. कित्येक ठिकाणीं ती नांगरली गेलेली असते, कोठें तीवर ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. अशा जागीं शेतकऱ्याशीं बोलणें झाल्याशिवाय खूण करणें हा अविचार होय. कपाशीच्या दोन ओळी तुडविल्या गेल्या तर त्या शर्यतीस पुढच्या वर्षीं त्या गांवांत कोणी पाणी विचारणार नाहीं.

सातपुड्यांत हीच गोष्ट अधिक काटेकोरपणें पाळावी लागते. पालच्या आसपासचें रान १९६९ पासून यावल अभयारण्य आहे, आणि शिरपूर तालुक्यांत अनेर धरणाचें अभयारण्य आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांतील कित्येक गांवें अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. तेथें १९९६ च्या पेसा कायद्यानें आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेला अधिकार आहेत. वनखात्याचा कागद हातीं आला म्हणजे झालें असें शहरांतील संयोजक समजतो आणि तेथेंच फसतो. तडवी, पावरा, भिल्ल वस्तींतील पाड्यावर आधीं जाऊन बसावें लागतें, आणि बोलणाऱ्यांपैकीं एखाद्यास तरी पावरी बोली यावी लागते. पाड्यावरची माणसें ज्या वाटा सांगतात त्या कोणत्याही उपग्रहाच्या चित्रांत नसतात, आणि कोणत्या वाटेवर सकाळीं अस्वलाचा वावर असतो हेंही त्यांनाच ठाऊक असतें.

दुसरी गोष्ट जमिनीची, आणि खानदेशांत ही चढापेक्षां मोठी. तापीच्या खोऱ्यांतील काळी माती कोरडी असतां सायकलीला दगडासारखी कठीण लागते. पण तिला भेगा पडतात, आणि भेग वाटेच्या दिशेनेंच गेलेली असली तर पुढचें चाक तींत अडकून स्वार उलटतो. तीच माती भिजली कीं टायरास चिकटून चाक आणि चिमटा यांमधील जागा भरून काढते व चाक फिरेनासें होतें. पांच मिनिटांच्या पावसानें दहा किलोमीटरची वाट बंद पडते. मुरुमाची वाट मात्र पावसानंतर तासाभरांत मोकळी होते. म्हणून प्रत्येक काळ्या मातीच्या तुकड्यासाठीं जवळचा मुरुमाचा किंवा डांबरी पर्याय आधींच मोजून ठेवावा लागतो. पौषांतला बेमोसमी पाऊस कोणाची परवानगी घेऊन येत नाहीं.

तापी आणि पूर्णा यांच्या कांठीं गाळाच्या जमिनींत पावसानें कापलेल्या खोल घळी आहेत. तरुण स्वारांना त्या घळींत उतरण्याचा मोठा हव्यास. परंतु ती माती मुळांतच वाहून जाणारी; शंभर चाकें एकाच रेषेंतून गेलीं कीं पुढच्या पावसाळ्यांत तेथें नवा ओघळ पडतो. एकदोन टणक जागा सोडून बाकी घळींना वळसा घालावा. याच्या उलट धुळ्याकडील काळ्या कातळाच्या भिंती. जुन्या लाव्हारसाच्या थरांना भेदून वर आलेले हे खडकाचे लांबच लांब बांध मैलोगणती गेलेले आहेत, आणि त्यांच्या बाजूची वाट चाकांनीं झिजत नाहीं. शेवटच्या दिवसासाठीं यापेक्षां चांगली जमीन शोधूनही मिळावयाची नाहीं.

कांट्यांविषयीं थोडें. बाभळीचा कांटा साऱ्यांस ठाऊक आहे; पण सायकलीचा खरा शत्रु सराटा. पायवाटेच्या कडेस पसरणाऱ्या या वेलीचें फळ कसेंही पडलें तरी त्याचा एक कांटा वर राहतो. ट्यूबशिवायच्या टायरांत घट्ट होणारा द्रव भरला तर लहान भोकें आपोआप बुजतात, तरीही दर टप्प्यावर दुरुस्तीवाला बसवावाच लागतो.

आतां ज्या गोष्टीवर सारें अवलंबून आहे ती. साठ किलोमीटर अंतर आणि बाराशें मीटर चढ असा टप्पा पहिला स्वार साडेतीन तासांत पुरा करील. शेवटच्याला आठ तास लागतील. म्हणजे पहिला स्वार पोंचतो तेव्हां वाट साठ किलोमीटरपैकीं निम्म्याहून अधिक लांबीवर माणसांनीं भरलेली असते, आणि पाणी, डॉक्टर, वाटाडे, सारें काहीं तेवढ्या लांबीवर एकाच वेळीं हवें असतें. वृत्तपत्रांत नांव पहिल्या स्वाराचें येतें, परंतु मार्ग आंखावा लागतो तो शेवटच्यासाठीं. खानदेशांत डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळीं साडेसातला सुटका केली आणि दुपारीं चारला वाट बंद केली, तर शोधाशोध करावयास उजेडाचे दोन तास उरतात. हे दोन तास कापून टप्पा लांब करण्याचा आग्रह दरवेळीं कोणीतरी धरतोच. तो मान्य करूं नये.

उन्हाळ्याचा विचारच नको. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. हिवाळाच खरा, पण हिवाळ्यांत कापूस भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जातात, रावेर-यावलच्या सडकांवरून केळ्यांचे ट्रक सुटतात, आणि ऊस घेऊन ट्रॅक्टर रात्रंदिवस फिरतात. पंचांग उघडून पाहणेंही आलें. मार्गशीर्षांत दत्तजयंतीस सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. माघांत मुक्ताईची यात्रा असते आणि महाशिवरात्रीस चांगदेवास गर्दी लोटते. गांवोगांवचे आठवडी बाजार निराळेच. बाजाराच्या दिवशीं मुख्य गल्लींतून शंभर सायकली सोडणें म्हणजे संकटास आमंत्रण देणें होय. तापी ओलांडावयाची ती पुलावरूनच, आणि शिरपुराहून धुळ्यास येतांना सावळद्याचा पूल चुकत नाहीं. तो आग्रा रस्त्यावरचा पूल असल्यामुळें तेथें घड्याळ थांबवितात. स्वार पोलिसांच्या संगतीनें सावकाश पूल ओलांडतात आणि पलीकडे वेळेची मोजणी पुन्हां सुरू होते.

अपघाताची आंखणी प्रत्यक्ष मार्गाच्या आंखणीइतकीच बारकाईनें करावी लागते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय धुळ्यास आहे आणि जळगांवास आहे. पालच्या मागील घळींतून तेथवर येण्यास लागणारा वेळ प्रत्यक्ष गाडी चालवून मोजावा, अंदाजानें सांगूं नये. दर चार-पांच किलोमीटरवर जीप किंवा निदान ट्रॅक्टर पोंचेल अशी एक जागा हवी, आणि तिचा क्रमांक प्रत्येक स्वाराच्या हातांतील नकाशावर हवा. सातपुड्याच्या घळींत मोबाइलला आवाज मिळत नाहीं. तेथें बिनतारी यंत्र घेतलेला माणूस टेकडीवर बसवितात. ज्या तुकड्यापर्यंत कोणतेंही वाहन पोंचत नाहीं तो तुकडा, कितीही देखणा असो, मार्गांतून काढून टाकावा लागतो. आंखणी करणाऱ्याची खरी परीक्षा येथें होते, कारण नेमके असेच तुकडे सर्वांत देखणे असतात.

खुणा शेवटीं. डांबरावर व मुरुमावर चुन्याच्या फक्कीनें बाण काढतात, झाडास रंगीत फिती बांधतात. बाण आदल्या दिवशीं काढले तर रात्रींत बैलगाड्यांच्या चाकांखालीं पुसले जातात, आणि फितींवर शेळ्यांचा व मुलांचा सारखाच डोळा असतो. म्हणून पहिल्या स्वाराच्या दोन तास आधीं एकजण मोटरसायकलवरून सारी वाट तपासीत जातो. मुलांना फिती ओढूं नका असें सांगण्यापेक्षां त्यांच्या शाळेसच वळणावर उभें राहण्याचें काम द्यावें. असें वळण सहसा चुकत नाहीं.

आणि सर्वांच्या मागून एक स्वार सावकाश येत असतो. तो फिती सोडवितो, टाकलेलीं वेष्टनें उचलतो, आणि वाटेंत जो बसलेला भेटेल त्याला घेऊन पुढें सरकतो. मुक्कामीं कळण्याची भाकरी आणि वांग्याचें भरीत तयार असतें. परंतु त्या मागच्या स्वाराची यादी आणि सकाळीं सुटलेल्यांची यादी जुळेपर्यंत संयोजकांपैकीं कोणी पानावर बसत नाहीं. एक क्रमांक जुळला नाहीं तर कंदील आणि विजेऱ्या घेऊन माणसें पुन्हां वाटेस लागतात.