पुढे दुकान, मागे घर

मिरजेला रेल्वेतून उतरून रिक्षावाल्याला ‘सतारमेकर गल्ली’ एवढं सांगितलं की पुरतं. दुकानाचं नाव तो विचारत नाही, कारण गल्लीत पहिला भेटणारा माणूसच तुमची चौकशी सुरू करतो. सतार हवी की तंबोरा? नवा की दुरुस्तीला? गाणारे तुम्ही की मुलगी? पट्टी कोणती? काळी चार म्हटलं की तो मान हलवतो आणि तुम्हाला बरोबर दाराशी नेऊन सोडतो. ते दार त्याच्या स्वतःच्या दुकानाचं असेलच असं नाही.

दुकानं लहानच. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभे केलेले तंबोरे, वर टांगलेले सुके भोपळे, खाली पसरलेल्या पोत्यावर पटाशा, कानशी, रंधा आणि गुडघाभर भुसा. मधल्या दाराला पडदा असतो आणि पडद्यापलीकडे घर सुरू होतं. त्यामुळे दुपारी बाराच्या सुमाराला स्पिरिट पॉलिशच्या वासात कांद्याच्या फोडणीचा वास मिसळतो. शाळेतून आलेलं पोर दप्तर एका अर्धवट सतारीशेजारी ठेवतं आणि आजोबांच्या मांडीला टेकून पाढे म्हणू लागतं. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी कुणी त्याला आत हाकलत नाही. अशा दुकानांचं मला पहिल्यापासून अप्रूप आहे. जगण्याचे वेगवेगळे कप्पे पाडून एकात कमवायचं आणि दुसऱ्यात सुखी व्हायचं, ही विभागणी इथे झालेलीच नाही.

एवढ्याशा गावात हा व्यवसाय रुजला, त्याला कारणं आहेत. मिरज पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. दरबारात गाण्याची कदर होती, हत्यारांना धार लावणारे आणि पाणी देणारे शिकलगारही संस्थानाच्या आश्रयाला होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्रजी अंमल पक्का झाला, लढाया संपल्या, तलवारींना कुणी विचारेना. त्या काळात फरीदसाहेब शिकलगार या कसबी माणसाने तंतुवाद्यं बनवायला घेतली आणि मिरजेत हा धंदा उभा राहिला. पोलादावर बसलेला हात त्यांनी लाकडावर आणि भोपळ्यावर बसवला. पुढच्या पिढ्यांत कुटुंबं वाढली, शिष्य तयार झाले आणि बऱ्याच घरांचं आडनावच सतारमेकर झालं.

गाणाऱ्यांनाही मिरजेचं कारण मिळत गेलं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे होते. डोळ्यांवरच्या उपचारासाठी मिरजेला आणलेले विष्णू दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे गाणं शिकले आणि पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनी तर मिरजेलाच घर केलं. 1937 मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात वाटेतच त्यांचं निधन झालं, पण त्यांचं दफन मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात झालं. त्यांच्या स्मरणार्थ तिथे दर वर्षी गाणं होतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. दोन्हीकडे रात्र जागवणारे श्रोते बरेचसे तेच असतात आणि स्टेजवरचे तंबोरे मिरजेचेच असतात. किराणा घराण्याला तंबोरा जुळवण्याबद्दल फार आस्था. त्यांचे गायक पंचमाऐवजी निषाद लावून तंबोरा मिळवतात तेव्हा बारीकशी कसरही लपत नाही. असे कान असलेली माणसं चालत जाण्याच्या अंतरावर राहत असतील तर कारागिराला आळस परवडत नाही.

या सगळ्याची सुरुवात मात्र शेतात होते. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे खायचा दुध्या नव्हे. हा कडू, जाड सालीचा, प्रचंड मोठा. सोलापूर जिल्ह्यात भीमेच्या काठी, पंढरपूर, मंगळवेढा, बेगमपूर या भागात शेतकरी तो मुद्दाम लावतात. पुरुषी तंबोऱ्याला लागणाऱ्या भोपळ्याचा घेर चार फुटांच्या वर जातो. तो वेलावर पिकतो, वाळतो, मग मिरजेत येतो आणि कितीतरी महिने टांगून ठेवला जातो. इथली एक गोष्ट मला फार आवडते. भोपळा मागणीप्रमाणे बनत नाही, मागणीच भोपळ्याशी जुळवून घेते. मालक वर बघतो, टांगलेल्या पन्नासांतल्या एकाकडे बोट करतो आणि म्हणतो, “हा तुमच्या मुलीचा.” अवकाळी पाऊस झाला किंवा भीमेला पूर आला की त्या वर्षी चांगले भोपळे कमी येतात, आणि मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो, थांबावं लागतं.

निवडलेला भोपळा पाण्यात मुरवतात. साल मऊ झाली की बेताने कापतात, आतला गर आणि बिया खरवडून काढतात आणि तोंडाला काठ्यांचा आधार देऊन त्याला हवी ती गोलाई येईपर्यंत वाळवतात. मग त्याला तुणीच्या लाकडाचा गळा बसतो, गळ्यावर पोकळ दांडी, पुढून तबली. पूर्वी सरस वापरत, आता बाजारातला डिंक. नक्षीकामाला एकेकाळी हस्तिदंत आणि घोडीला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीला, सांबरशिंग वापरत. वन्यजीव कायद्यानंतर ते बंद झालं, आणि झालं ते चांगलंच झालं. आता उंटाचं हाड किंवा शिसवी-आबनूस लाकूड असतं. ही सगळी कामं एका माणसाची नसतात. एका घरात थोरला भाऊ भोपळा आणि दांडी जोडतो, मधला नक्षी करतो, धाकटा पॉलिश. एक सूनबाई वहीचं आणि व्हॉट्सॲपचं काम बघते. पुणे, धारवाड, कोलकाता आणि परदेशातल्या मागण्या तिच्याच फोनवर येतात. एका चांगल्या तंबोऱ्याला महिना सहज जातो आणि त्या महिन्यात तो घरातल्या प्रत्येकाच्या हाताखालून जातो.

शेवटचं काम म्हणजे जवारी. ते म्हाताऱ्याचं.

मी हे काम जवळ बसून पाहिलेलं आहे. एका दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, चार तारा चढवल्या आणि छेडल्या. आवाज आला तो नुसता आवाज, त्यात गुंजन नव्हतं. त्यांनी तारा बाजूला सरकवून घोडीच्या माथ्यावर कानस फिरवली, दोनच वेळा, आणि बोटाने पूड पुसली. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण सपाट नसतो. त्याला पुढच्या बाजूला नजरेला न दिसणारा उतार असतो आणि थरथरणारी तार त्या उतारावर घासत घासत जाते, त्यातून सुरामागे सुरांची रांग उठते. उतार जरा चुकला तर तार नुसती चिरचिरते किंवा मुकी राहते. त्यांनी पुन्हा तारा ओढल्या, ऐकलं, पुन्हा उतरवल्या. असं किती वेळ चाललं ते सांगता येणार नाही. मधे चहा येऊन गार झाला, एक गिऱ्हाईक येऊन बसून गेलं. शेवटी त्यांनी तारेखाली सुती दोरा सरकवला. तार आणि घोडी यांच्यामधला हा दोरा केसभर पुढे-मागे होतो आणि एका जागी आवाज एकदम उघडतो. तो उघडला तेव्हा आतल्या खोलीतून चाचींनी हाक दिली, “जोडाची अजून बंद आहे.” चाचांनी जोडाच्या, म्हणजे मधल्या, तारेचा दोरा पुन्हा सरकवला. चाची आत मेथी निवडत होत्या.

एका घरातल्या स्वयंपाकघरापर्यंत एवढा कान पोचलेला आहे, याचं मोल कुठल्याही शाळेच्या प्रमाणपत्रात मावणार नाही. चाची कधी कुठे शिकल्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून रोज पडद्यापलीकडून तारा जुळताना ऐकत आल्या, एवढंच. पुढे दुकान आणि मागे घर या रचनेचा खरा फायदा जागेची बचत हा नाहीच. कसब घरात सांडत राहतं आणि घरातल्या सगळ्यांच्या अंगावर थोडं थोडं पडतं.

अडचणी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची पेटी आली, मग मोबाइलमधलं ॲप आलं, आणि शिकाऊ विद्यार्थ्यांचं रोजचं गिऱ्हाईक कमी झालं. चांगलं लाकूड महाग झालंय. महिनाभर चार माणसं राबून जे हातात पडतं, ते पुण्यातल्या कंपनीतल्या एका पगारापुढे टिकत नाही. म्हणून मुलं इंजिनिअर होतात आणि बाहेर पडतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गल्लीत त्याचा आनंद आहे आणि तो रास्त आहे, कारण बाहेर बनलेला माल मिरजेच्या नावावर खपत असे. पण मानांकनाने नाव राखलं जाईल. भीमेकाठच्या शेतकऱ्याने भोपळा लावत राहावं आणि नातवाने कानस धरावी, यासाठी त्यांच्या हातात चार पैसे जास्त पडायला हवेत. तंबोरा विकत घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी घासाघीस करताना हे ध्यानात ठेवलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तरीही काही मुलं परत येतात. एका दुकानात असा एक तरुण आहे, डिप्लोमा केलेला, पुण्यात काही वर्षं नोकरी केलेला. त्याला मी सरळच विचारलं, परत का आलास. त्याने मोठं काही सांगितलं नाही. तिकडे सकाळी सातला निघून रात्री नऊला खोलीवर यायचो, म्हणाला, इथे दुपारी जेवून अर्धा तास झोपतो, शुक्रवारी नमाजला अब्बांबरोबर जातो, आणि मी केलेला तंबोरा कोण वाजवतंय ते मला ठाऊक असतं. मग त्याने एक फोटो दाखवला. धारवाडकडची एक मुलगी शाळेच्या कार्यक्रमात गात होती, मागे त्याने बनवलेला तंबोरा होता. तिच्या वडिलांनी पाठवलेला फोटो त्याने जपून ठेवला होता.

गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचं असं नातं लहान गावात आपोआप तयार होतं, कारण कुणालाच घाई करून निघून जायला जागा नसते. कागवाडचा एखादा शिक्षक मुलीसाठी तंबोरा घेतो आणि पैसे चार हप्त्यांत देतो. वहीत त्याच्या नावापुढे रक्कम असते, पण सही नसते. हप्ता द्यायला तो येतो तेव्हा शेंगांची पिशवी आणतो. पुढच्या वर्षी मुलीची परीक्षा झाली की पेढे येतात. ईदला शिरखुर्म्याचा डबा उलट जातो. शहरातला माणूस याला भाबडेपणा म्हणेल. मी याला व्यवहाराची सर्वांत पक्की पद्धत म्हणते, कारण या वहीतली उधारी बुडाल्याचं मी फारसं ऐकलेलं नाही.

तंबोरा न्यायचा दिवस गल्लीत छोटा सणच असतो. गिऱ्हाईक सहकुटुंब येतं. शेजारच्या दुकानातला कारागीरही हातातलं काम ठेवून येतो आणि गवसणी घालण्याआधी एकदा तंबोरा छेडून बघतो. स्पर्धक असला तरी चांगलं झालं असेल तर चांगलं म्हणतो. मुलीला पुढे बसवून षड्ज लावायला सांगतात. ती लाजते, मग लावते, आणि चाचा डोळे मिटून ऐकतात ते तिचा आवाज ऐकायला नाही, तंबोरा तिच्या गळ्याला धरतोय का ते बघायला. मग सूचना सुरू होतात. उन्हात ठेवायचा नाही, बंद गाडीत तर मुळीच नाही. प्रवासात तारा उतरवायच्या. पावसाळ्यात कोपऱ्यात ओल नको. भिंतीला टेकवून ठेवला तर पोरांच्या चेंडूपासून लांब. रेल्वेत भोपळा मांडीवर घेऊन बसायचं, वर सामानात टाकायचा नाही. वडील सगळं वहीत लिहून घेतात. गवसणीची गाठ बांधून झाल्यावर चाचा मुलीकडे वळतात.

“रोज वाजव. न वाजवता ठेवलास तर माझ्यापेक्षा आधी म्हातारा होईल. आणि वर्षभरात घोडी झिजेल, तेव्हा जवारीला घेऊन ये. वडिलांबरोबर पाठवू नकोस, तू स्वतः ये. मला तुझं गाणं कुठवर आलं ते बघायचंय.”