८ जानेवारी : एक तारीख, अनेक दिवस

शाळेच्या दर्शनी फळ्यावर दिनविशेष लिहिण्याची प्रथा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आहे. परिपाठाच्या वेळी तो वाचलाही जातो. विज्ञानाच्या शिक्षकाने ८ जानेवारीचा फळा लिहायला घेतला, तर त्याला जागा अपुरी पडेल. १६४२ साली या तारखेस फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे गॅलिलिओचे निधन झाले. १८२३ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस जन्मला. नैसर्गिक निवडीचे तत्त्व डार्विनप्रमाणेच, पण स्वतंत्रपणे त्यालाही सुचले होते. १८६८ साली फ्रँक डायसन जन्मला. ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना किती वाकतो हे मोजण्यासाठी १९१९ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी ज्या मोहिमा निघाल्या, त्या आखण्यात या डायसनचा मोठा वाटा होता. १८८९ साली हरमन हॉलेरिथला छिद्रे पाडलेल्या कार्डांवरून मोजणी करणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. १८९१ साली पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारा वाल्टर बोथे जन्मला. १९४२ साली ऑक्सफर्ड येथे स्टीफन हॉकिंग जन्मला आणि १९७३ साली चंद्रावर फिरणारी लुनोखोद-२ ही गाडी घेऊन ल्यूना-२१ यान निघाले.

या यादीतील दोन ओळी विद्यार्थ्यांचे लक्ष हटकून वेधून घेतात. गॅलिलिओचा मृत्यू १६४२ चा, हॉकिंगचा जन्म १९४२ चा. बरोबर तीनशे वर्षे! त्यात कोणीतरी भर घालतो की, गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला. आणखी कोणी सांगतो की, हॉकिंग वारला तो १४ मार्च २०१८ रोजी, आणि १४ मार्च ही तर आइन्स्टाइनची जन्मतारीख (साल १८७९). एवढे झाले की पुनर्जन्मापासून ग्रहयोगापर्यंत काहीही ऐकण्याची तयारी वर्गात झालेली असते. ‘हा निव्वळ योगायोग’ असे म्हणून शिक्षकाने विषय संपवला, तर विद्यार्थ्यांचे समाधान होत नाही, आणि ते योग्यच आहे. योगायोग हे उत्तर खरे असले तरी ते मोजून दाखवायला हवे.

मोजणी अगदी सोपी आहे. आपण शंभर नामवंत शास्त्रज्ञांची यादी केली आणि प्रत्येकाची जन्मतारीख व मृत्युतारीख लिहिली, असे समजू. तारखा झाल्या दोनशे. या दोनशे तारखांतून दोन-दोनच्या जोड्या किती होतील? २०० × १९९ भागिले २, म्हणजे १९,९००. यांपैकी कोणतीही एक जोडी वर्षाच्या एकाच दिवशी येण्याची संभाव्यता सुमारे ३६५ मध्ये १. तेव्हा कोणतेही गूढ कारण नसताना या यादीत सुमारे ५४ जोड्या एकाच तारखेच्या निघाव्यात अशी अपेक्षा आहे. एकही निघाली नसती तर मात्र आश्चर्य करावे लागले असते. आपण पन्नासांतील दोन-तीन जुळण्या वेचतो, त्यांतही तीनशेसारखा पूर्ण आकडा दिसला की थबकतो. बाकीच्या कोणी फळ्यावर लिहीत नाही. ३६५ मध्ये १ हा आकडा लागू पडायचा, तर जुळणी कोणाची होणार हे आधीच सांगायला हवे होते. खुद्द हॉकिंगनेही आपल्या जन्मतारखेचा उल्लेख करून पुढे लिहून ठेवले आहे की, त्याच दिवशी आणखी सुमारे दोन लाख मुले जन्मली असावीत. त्यांचे काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा.

येथवरचे बहुतेक शिक्षकांना ठाऊक असेल. आम्हाला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा मुद्दा. दोन घटना ‘एकाच तारखेला’ घडल्या असे आपण म्हणतो तेव्हा ती तारीख कोणत्या कालगणनेतील, हे सहसा कोणी विचारत नाही.

ज्युलियन पद्धतीत दर चौथे वर्ष बिनअपवाद लीप वर्ष असे. वर्षाची सरासरी त्यामुळे ३६५.२५ दिवस होते. ऋतुचक्राचे खरे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे, म्हणजे अकरा मिनिटांनी लहान आहे. ही अकरा मिनिटे साठत जाऊन सुमारे १२८ वर्षांत एका दिवसाची चूक होते. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात पंचांगातल्या ठरलेल्या तारखेच्या दहा दिवस आधी येऊ लागला होता. म्हणून तेरावे पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली गुरुवार ४ ऑक्टोबरनंतरच्या शुक्रवारला १५ ऑक्टोबर म्हणायचे ठरवले. शिवाय ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष धरायचे नाही, असा नियम घातला. इटली, स्पेन, पोर्तुगाल या देशांनी ही पद्धत लगेच उचलली. इंग्लंडने मात्र ती १७५२ पर्यंत टाळली. कारण धर्माचे होते, गणिताचे नव्हे.

आता न्यूटनकडे येऊ. त्याचा जन्म २५ डिसेंबर १६४२ चा असे सांगतात, पण ही इंग्लंडची त्या वेळची ज्युलियन तारीख आहे. गॅलिलिओची ८ जानेवारी १६४२ ही तारीख इटलीतील, म्हणजे ग्रेगोरियन. दोन्ही एका मापात आणू. ग्रेगोरियन पद्धतीने न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. ज्युलियन पद्धतीने गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ चा ठरतो. म्हणजे एका हिशेबाने १६४२ आणि १६४३, तर दुसऱ्या हिशेबाने १६४१ आणि १६४२. दोघांचे एकच साल कोणत्याही एका पद्धतीत येत नाही. ते येण्यासाठी एक तारीख इटलीच्या आणि दुसरी इंग्लंडच्या पंचांगातून घ्यावी लागते. एक फूटपट्टी इंचांची, दुसरी सेंटिमीटरची, आणि आकडे सारखे आले म्हणून लांबी सारखी, असे म्हणण्याचाच हा प्रकार. आणि तरीही अनेक पुस्तकांत हे वाक्य आढळते. गंमत अशी की, दोन घटनांमध्ये अंतर आहे अवघे ३६१ दिवसांचे. ‘गॅलिलिओनंतर वर्षाच्या आत न्यूटन जन्मला’ असे लिहिले तर ते अगदी बरोबर आहे.

हॉकिंगच्या तीनशे वर्षांचे काय? दोन्ही तारखा ग्रेगोरियन आहेत, तेव्हा येथे घोटाळा नाही. मधले दिवस मोजले तर १,०९,५७२ भरतात. पण हीच जोडी ज्युलियन पद्धतीत मांडून पाहावी. १६४२ मध्ये दोन पद्धतींत फरक दहा दिवसांचा होता. १७००, १८०० आणि १९०० या तीन सालांमुळे १९४२ पर्यंत तो तेरा दिवसांचा झाला. म्हणून ज्युलियन हिशेबाने गॅलिलिओ वारला २९ डिसेंबरला आणि हॉकिंग जन्मला २६ डिसेंबरला. जुळणी संपली! आइन्स्टाइन आणि हॉकिंग यांच्या १४ मार्चचेही तेच होते : पहिल्याची तारीख २ मार्च, दुसऱ्याची १ मार्च. वॉलेस, डायसन आणि बोथे हे तिघे मात्र १८०० आणि १९०० यांच्या मधले असल्याने कोणत्याही पद्धतीत एकाच तारखेचे राहतात. दोन मनुष्यांमधला काही खरा संबंध पंचांग बदलल्याने नाहीसा होणार नाही. येथे तो होतो. आमच्या मते पुनर्जन्मवाल्यांना यापेक्षा चांगले उत्तर नाही.

हा प्रश्न युरोपपुरता नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ या तिथीला झाला. त्याची इंग्रजी तारीख आपण ६ जून १६७४ अशी देतो. ही ज्युलियन तारीख आहे. त्या समारंभास मुंबईहून आलेला हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रज वकील हजर होता आणि इंग्रजांच्या दप्तरात तीच पद्धत चालू होती. मुंबईहून खाडीपलीकडे वसईत पोर्तुगीज होते. त्यांच्या लेखी तो शनिवार १६ जूनचा. वार दोघांचा एकच, सूर्यही एकच, कागदावरची तारीख तेवढी दहा दिवसांनी वेगळी. तेव्हा ६ जूनच्या दिनविशेषात राज्याभिषेक आणि १९४४ साली दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले ती घटना एकाखाली एक लिहिताना, ऋतुचक्रातील ते दोन दिवस एक नाहीत हे ध्यानात ठेवावे. ६ जून ही तारीख बदला असे आम्ही म्हणत नाही. ती रूढ आहे आणि इतिहासाच्या ग्रंथांत तशीच आहे. फळ्यावर बाजूला ‘जुनी पद्धत’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पुरे.

संभाव्यतेचा प्रयोग वर्गात करायचा असेल तर त्याला पंचांगाचीही गरज नाही. २३ मुलांच्या गटात २५३ जोड्या होतात, आणि निदान दोघांचा वाढदिवस एका दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित अधिक असते. ५० मुलांच्या वर्गात ती शंभरात ९७ होते. पण हा प्रयोग शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरवरून करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. हे गणित वर्षातील सर्व दिवस सारखेच संभाव्य धरते. आपल्या जुन्या रजिस्टरांत एक तारीख भलतीच पुढे असते, ती म्हणजे १ जून. मूल घरी जन्मलेले, नोंद कोठेच नाही, आई सांगणार की मोठा पूर आला त्या साली झाला. शाळा जूनमध्ये सुरू होणार आणि वय तर भरायला हवे. मग गुरुजींनी १ जून लिहिले. शेजारच्या गावातल्या गुरुजींनीही तेच केले.

येथे जुळणी भरपूर आहे, पण ती योगायोगाने आलेली नाही. लेखणीने आलेली आहे. विद्यार्थ्यांकडून दहा-दहा वर्षांचे गट पाडून महिन्यावार स्तंभालेख काढून घ्यावा. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा. दवाखान्यातील बाळंतपणे आणि जन्मदाखले जसजसे वाढत गेले, तसतसा जूनचा स्तंभ खाली येताना दिसेल. आणि महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, हा नियम लक्षात घेतला, तर ३१ मे रोजी शाळाशाळांतून आणि कचेऱ्यांतून एवढे निरोपसमारंभ एकदम का होतात, तेही विद्यार्थ्यांना स्वतःच सांगता येईल.