बिली हॉलिडे हिचें गाणें प्रथम ऐकतांना

ज्याचे कान ख्याल-ठुमरीवर किंवा नाट्यसंगीतावर पोसलेले आहेत, अशा श्रोत्यानें बिली हॉलिडे या अमेरिकन गायिकेचें नांव पुष्कळ ऐकून एके दिवशीं तिचें गाणें लावलें, तर बहुधा प्रथम त्याची निराशा होते. एवढा गाजावाजा झालेली गायिका, आणि आवाज हा एवढासा! तान नाहीं, तारसप्तकांतील झेप नाहीं, दमसासाचें प्रदर्शन नाहीं. आवाजाचा पल्ला एका सप्तकाहून थोडासाच अधिक, आणि त्याची जातहि जरा चिरकी. तीन मिनिटांत गाणें संपतें, आणि श्रोता मनांत म्हणतो, "यांत मोठेंसें काय आहे?" प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर त्याच गाण्यांत आहे. मात्र तें कोठें शोधावयाचें हें ठाऊक असावें लागतें.

तें स्वरांपेक्षां लयींत शोधावें. जॅझमध्यें पियानो, बास आणि ड्रम हीं वाद्यें मिळून ठेका एकसारखा चालता ठेवतात. सामान्य गायक त्या ठेक्यावर शब्द नेमका बसवितो. बिली तसें करीत नाहीं. तिचा शब्द मात्रेच्या किंचित् मागून येतो. ओळीचा आरंभ ती लांबविते, मग राहिलेले शब्द सहज बोलल्यासारखे आटोपते, आणि कधीं कधीं ओळ संपण्याचें ठिकाण निघून गेल्यावर शेवटचा शब्द सावकाश आणून ठेवते. ठेका पुढें चालला आहे आणि गाणारी मागें रेंगाळते आहे, अशा वेळीं ऐकणाऱ्याच्या मनांत एक ताण उत्पन्न होतो. आतां ही चुकणार असें वाटतें, पण ती चुकत नाहीं. समेवर न येतां समेची जाणीव कायम ठेवणें म्हणजे काय, हें तबल्याच्या साथीचें गाणें ऐकण्याची ज्यास संवय आहे, त्यास निराळें शिकविण्याची गरज नाहीं. बोलबनावाची ठुमरी गाणारी एकाच ओळींतून निरनिराळे अर्थ काढून दाखविते. बिली तीच ओळ दुसऱ्यांदां घेते तेव्हां असेंच कांहींसें घडतें. साम्य मात्र येथेंच थांबतें. रागाचें बंधन तिकडे नाहीं, आणि चालीखालून सतत बदलत जाणारे स्वरसमूह हा जो त्या संगीताचा पाया, तो येथील गायकीस नाहीं.

मूळ चालहि ती क्वचितच जशीच्या तशी गाते. त्या काळच्या लोकप्रिय चालींत स्वरांच्या मोठमोठ्या उड्या असत. बिली त्या मोडून दोन-तीन स्वरांच्या आंत आणते, आणि संगीतकारानें जेथें वर चढावयास सांगितलें असेल तेथें एकाच स्वरावर शब्द टाकीत राहते. लहान आवाजाची ही सोय आहे, असें कोणी म्हटलें तर तें खोटें नाहीं. पण त्या सोयीमुळेंच कित्येकदां निव्वळ पोरकट असलेलें पद्य तिच्या तोंडीं खरें वाटूं लागतें. मायक्रोफोनचेंहि तिच्यावर मोठें ऋण आहे. ज्या गायिकांस दिवाणखाना आवाजानें भरून काढावा लागे, त्यांना शेजारी बसून बोलल्यासारखें गातां येणें शक्यच नव्हतें.

तिचा जन्म ७ एप्रिल १९१५ रोजीं फिलाडेल्फिया येथें झाला. मूळ नांव एलिनोरा फॅगन. बालपण बाल्टिमोर शहरांत अत्यंत दारिद्र्यांत गेलें. संगीताचें पद्धतशीर शिक्षण तिला मिळालें नाहीं. गुरु म्हणावयाचे तर दोन, आणि दोघेहि प्रथम तबकडीवर भेटलेले: बेसी स्मिथ ही गायिका आणि लुई आर्मस्ट्राँग हा ट्रंपेटवादक. वाद्यानें गावें तसें आपण गावें, ही तिची आकांक्षा आर्मस्ट्राँगपासून आली. १९३३ च्या आरंभीं न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांतील एका क्लबांत जॉन हॅमंड नांवाचा श्रीमंत घराण्यांतील तरुण दुसऱ्याच एका गायिकेस ऐकावयास गेला, आणि त्याच्या कानीं पडली ही सतरा-अठरा वर्षांची मुलगी. हॅमंडनें लगेच इंग्लंडमधील 'मेलडी मेकर' पत्रांत तिच्याविषयीं लिहिलें, आणि त्याच वर्षीं २७ नोव्हेंबरला बेनी गुडमन याच्या साथीनें तिची पहिली तबकडी मुद्रित झाली.

मुंबईच्या कानांस जॅझ अगदींच परका नव्हता. लिऑन ॲबी याचा अमेरिकन वाद्यवृंद १९३५ च्या सुमारास ताजमहाल हॉटेलांत वाजवीत असे, आणि गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट याचा सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) या चित्रपटाच्या संगीतांत वाटा होता. परंतु हें सर्व नृत्याचें संगीत. त्यांतील तालाची ओळख बिलीकडे जाण्यास उपयोगी पडते, एवढेंच.

नव्या श्रोत्यानें आरंभ करावा तो २५ जानेवारी १९३७ च्या मुद्रणापासून. त्या दिवशीं पियानोवर टेडी विल्सन होता आणि सॅक्सोफोनवर लेस्टर यंग. 'धिस इयर्स किसेस' या गाण्यांत प्रथम लेस्टरचा हलका, फुंकरीसारखा सॅक्सोफोन येतो आणि मागून बिलीचा आवाज. पहिल्या वेळीं शब्द सोडून द्यावे आणि केवळ हे दोन आवाज ऐकावे. वाद्य कोठें बोलतें आणि कंठ कोठें वाजतो, याचा भ्रम पडतो. 'लेडी डे' हें बिलीचें नांव लेस्टरनेंच ठेविलें. तिनें त्याला 'प्रेझ', म्हणजे अध्यक्ष, म्हणावयास आरंभ केला.

यानंतर 'स्ट्रेंज फ्रूट'. दक्षिणेकडील संस्थानांत जमावानें ठार मारून झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांविषयींची ही कविता न्यूयॉर्कमधील एबल मीरोपोल या शिक्षकानें लिहिली आणि १९३७ सालीं ती शिक्षकांच्या संघाच्या मासिकांत छापून आली. शाळामास्तरांच्या कविता बहुधा असल्या मासिकांच्या पलीकडे जात नाहींत, ही गेली. कॅफे सोसायटी या क्लबांत बिली ती शेवटीं गाई. त्या वेळीं वाढपी थांबत, दिवे मालवले जात, प्रकाशाचा एकच झोत तिच्या मुखावर राही, आणि गाणें संपल्यावर पुन्हां कांहींहि होत नसे. तिच्या नेहमींच्या कंपनीनें नकार दिल्यावर २० एप्रिल १९३९ रोजीं कमोडोर या लहान कंपनीनें तें मुद्रित केलें.

पुढील कथा दुःखाची आहे. १९४७ सालीं मादक पदार्थांच्या गुन्ह्याबद्दल तिला कारावास झाला. सुटल्यावर २७ मार्च १९४८ रोजीं कार्नेगी हॉलमध्यें तिला ऐकण्यास गर्दी लोटली, पण न्यूयॉर्कच्या ज्या क्लबांत मद्य मिळे तेथें गाण्याचा परवाना तिला पुन्हां मिळाला नाहीं. तेव्हांपासून कित्येक लोक गाण्याऐवजीं तिचें दुर्दैव पाहावयास येऊं लागले, आणि अजूनहि नवा श्रोता बहुधा तिचें चरित्र आधीं वाचतो व गाणें नंतर ऐकतो. मग प्रत्येक स्वर त्याला रडका भासतो. हा अन्याय आहे. १९३५ ते १९३९ या काळांतील तिचीं बहुतेक गाणीं खेळकर आहेत. त्यांत मिस्किल हंसणें आहे, ठेक्याशीं लपंडाव आहे. १९५८ ची 'लेडी इन सॅटिन' ही अखेरची मोठी तबकडी आवाज पार फाटल्यावरची. तिची थोरवी कळावयास आधीं कोणता आवाज फाटला हें ठाऊक असलें पाहिजे. म्हणून ती सर्वांत शेवटीं ऐकावी.

८ डिसेंबर १९५७ रोजीं अमेरिकेंतील दूरदर्शनवर झालेल्या एका कार्यक्रमाचें चित्रण उपलब्ध आहे. बिली स्वतःचें 'फाइन अँड मेलो' हें गाणें गात आहे आणि भोंवतीं वादक बसले आहेत. लेस्टर यंग आजारी होता. पाळी येतांच तो उठतो आणि एकच आवर्तन वाजवितो. स्वर अगदीं थोडे, मध्यें मध्यें मोकळी जागा. बिली त्याच्याकडे पाहत मान हालविते. लेस्टर १५ मार्च १९५९ रोजीं वारला, आणि त्याच वर्षीं १७ जुलैला न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयांत बिलीहि गेली; तेव्हां तिचें वय ४४ वर्षांचें होतें.