मोटारीच्या काचेवरील फिल्म आणि धूलिकण

मोटारीच्या काचेवरील फिल्मखाली दिसणारे फुगे दोन प्रकारचे असतात. पाण्याचा फुगा काही दिवसांत आटतो. धूलिकणाभोवतीचा फुगा मात्र कायम राहतो. फिल्मची जाडी साधारणतः 40 ते 50 मायक्रॉन, तर गोंदाचा थर त्याहून कितीतरी पातळ. त्यामुळे सूक्ष्म कणही फिल्मला तंबूच्या खांबाप्रमाणे उचलून धरतो आणि स्वतःहून मोठा डाग दाखवितो.

ही धूळ केवळ हवेतून येते, हा समज अपुरा आहे. काचेच्या कडेचे रबर व त्यालगतची मखमली पट्टी हे तिचे खरे कोठार होय. तेथे मुरलेले पाणी फिल्म दाबताना माती घेऊनच बाहेर येते. म्हणून काचेआधी ही खाच स्वच्छ करणे अगत्याचे ठरते. दुसरे कारण स्थितिक विद्युत. गोंदावरील संरक्षक पापुद्रा सोलताच फिल्म विद्युतभारित होऊन कपड्यांचे तंतूही खेचून घेते. पापुद्रा सुटत असतानाच साबणमिश्रित पाणी फवारल्यास हा परिणाम बराच ओसरतो. पंखा त्या वेळी बंद असावा. उकाड्यात कारागिरास ते रुचत नाही, ही गोष्ट वेगळी.

कण अडकलाच, तर ओल असेतो कोपरा उचलून तो पाण्याने काढता येतो. गोंदाने काच धरल्यावर फिल्म काढून नवी बसविण्यावाचून उपाय उरत नाही.