मुलांना डोंगर दाखवायचा तर

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आखलेला कार्यक्रम माझ्या मुलीने मला फोनवर वाचून दाखवला. दिल्लीहून सिमला, सिमल्याहून मनाली, मनालीहून रोहतांग खिंड, मग धर्मशाळा आणि परत दिल्ली, दिवस सात. मुले दोन, मोठा ११ वर्षांचा आणि धाकटी ७ वर्षांची. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी त्यांच्यासाठी काही ना काही ‘ॲक्टिव्हिटी’ होती: कुल्लूला राफ्टिंग, सोलंगला पॅराग्लायडिंग, रोहतांगला बर्फावरची स्कूटर. प्रशासनात आयुष्य गेलेल्या माणसापुढे कोणताही तक्ता आला की त्यातील बेरजा तपासण्याची त्याची खोड जात नाही. मी गाडीतील प्रवासाचे तास मांडले. ते चाळीसच्या घरात गेले. “पण बाबा, इतक्या लांब जायचं तर सगळं बघून यायला नको का?” हा तिचा प्रश्न रास्तच होता. आपल्याकडील मध्यमवर्ग डोंगरात जातो तो मुख्यतः ‘सगळं बघायला’.

ही सवय कोठून आली याचा माग घेणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला उद्बोधक वाटते. सिमला, मसुरी, उटकमंड, दार्जिलिंग ही गिरिस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वसली. आजारी सैनिकांची प्रकृती सुधारावी हा त्यामागील एक हेतू होता. तितकाच महत्त्वाचा दुसरा हेतू म्हणजे मुले. मैदानी भागातील उष्मा आणि ताप यांनी इंग्रजांची लहान मुले फार दगावत, म्हणून ऐपत असलेली कुटुंबे मुलांना आणि त्यांच्या आयांना काही महिन्यांसाठी वर पाठवून देत. हेन्री लॉरेन्स यांनी १८४७ मध्ये सनावर येथे जी शाळा काढली, ती सैनिकांच्या मुलांसाठीच. १८६४ पासून तर सिमला ही उन्हाळी राजधानीच झाली. म्हणजे ही गावे राहण्यासाठी बांधली गेली होती, पाहण्यासाठी नव्हे. स्वातंत्र्यानंतर ती गावे आपल्याला मिळाली, पण ते निवांत महिने काही मिळाले नाहीत. सरकारी नोकराला मिळाली ती चार वर्षांच्या गटातून एकदा देशात कोठेही जाण्याची प्रवास सवलत. १९८८ च्या नियमांनी बांधलेल्या या सवलतीने असंख्य कुटुंबांना पहिल्यांदा आपला देश दाखवला, आणि तिचे मोल मी कमी लेखणार नाही. परंतु चार वर्षांतून एकदा येणारी संधी माणसाला अधाशी करते. त्या घाईतून ‘पॉइंट’ जन्माला आले. सूर्यास्ताचा एक, सूर्योदयाचा एक आणि आत्महत्येचाही एक, ज्याच्यावाचून कोणतेही गिरिस्थान पूर्ण होत नाही अशी आपली समजूत दिसते.

या घाईचा भार डोंगरांना पेलवेनासा झाला आहे, हे आता न्यायालयेच सांगू लागली आहेत. रोहतांग खिंडीत दिवसाला १,२०० पर्यटक वाहनांहून अधिक वाहने जाऊ नयेत, असे बंधन राष्ट्रीय हरित लवादाने घातले: ८०० पेट्रोलवर चालणारी आणि ४०० डिझेलवर. दक्षिणेत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाण्यासाठी ई-पास आवश्यक झाला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात निलगिरीसाठी कामाच्या दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची कमाल मर्यादा ठरली. एका शांत जिल्ह्यात एका दिवसात सहा हजार गाड्या हा ‘मर्यादित’ आकडा असेल, तर अमर्यादित स्थिती काय असेल याची कल्पना वाचकांनी करावी. आणि त्या रांगेत मागच्या आसनावर बसलेल्या मुलाला डोंगराचे दर्शन घडते ते पुढच्या गाडीच्या काचेतून.

तरीही गर्दी हा त्रास आहे, धोका नव्हे. धोका कोठे असतो, हे हिमाचलमधील एका घटनेने लख्ख दाखवून दिले आहे. ८ जून २०१४ रोजी संध्याकाळी हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मनालीच्या वाटेवर मंडी जिल्ह्यात थलौट गावाजवळ बियास नदीच्या पात्रात उतरले होते. पाणी उथळ होते, खडक उघडे होते, विद्यार्थी छायाचित्रे काढत होते. वरच्या बाजूच्या लारजी धरणातून पाणी सोडले गेले. काही मिनिटांत पात्र भरले आणि २४ विद्यार्थी व त्यांच्यासोबतचा सहल-व्यवस्थापक वाहून गेला. पुढे हिमाचलच्या उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पालकांना भरपाई देण्याचा आदेश दिला. तिची जबाबदारी वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार या तिघांवर टाकण्यात आली. त्या दिवशी तेथे कोणीही ‘साहसी खेळ’ खेळत नव्हते. ते केवळ पाण्याकाठी उभे होते. म्हणून मुलांना घेऊन हिमालयात जाणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: या नदीवर वरच्या अंगाला धरण आहे काय? असेल तर पाणी कितीही निवळ आणि पायाच्या घोट्याएवढे असले, तरी मुलांना पात्रात उतरू देऊ नये. भोंगा वाजेल, कोणीतरी सांगेल, या भरवशावर राहू नये.

खेळांचे म्हणाल तर नियमांची उणीव नाही. हिमाचलात हवाई क्रीडांसाठी २००४ चे आणि राफ्टिंगसाठी २००५ चे नियम आहेत. व्यावसायिकाची नोंदणी, साहित्याची तपासणी आणि चालकाची पात्रता या सर्वांची तरतूद त्यांत आहे. पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात, हे खेळ बंद ठेवले जातात. शेजारच्या उत्तराखंडात जून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने, नियमावली तयार होईपर्यंत राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंगच थांबवले होते. परंतु मोसमाच्या ऐन गर्दीत नदीकाठच्या प्रत्येक तंबूपाशी निरीक्षक उभा राहू शकत नाही. तितके निरीक्षक कोणत्याही राज्याकडे नाहीत, हे मी अनुभवाने सांगू शकतो. अशा वेळी तपासणी पालकांनीच करावी लागते, आणि ती अवघड नाही. नोंदणीचा कागद दाखवा म्हणावे. प्रवाहाची श्रेणी विचारावी. श्रेणी १ ते ६ अशा असतात आणि पहिल्या दोन श्रेणींपलीकडे लहान मुलांना नेण्याचे कारण मला दिसत नाही. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचे आहे काय, हे खांद्यावरचे पट्टे वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकत असेल तर ते जॅकेट मोठ्या माणसाचे आहे. कागद मागितल्यावर जो वैतागतो, त्याच्याकडून पैसे परत मागावेत.

उंचीबद्दल आपण त्याहून बेफिकीर असतो. साधारण २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. रोहतांग ३,९७८ मीटरवर आहे. लेहला विमानाने उतरणारे कुटुंब दिल्लीहून दीड तासात साडेतीन हजार मीटरवर जाते. मोठा माणूस निदान डोके दुखते असे सांगतो. सात वर्षांची मुलगी ते सांगत नाही. ती किरकिर करते, जेवत नाही, खेळायचे सोडून कोपऱ्यात बसते, आणि आई-बाप तिला हट्टी ठरवून रागावतात. अशा वेळी आणखी वर न जाणे आणि त्रास वाढताच खाली उतरणे हाच खरा उपाय.

मग मुलीला मी काय सुचवले? तिच्याच नकाशावर बोट ठेवून मी तिला औट येथे थांबायला सांगितले. मनालीचा महामार्ग येथे बोगद्यात शिरतो आणि बोगद्याच्या तोंडाशी एक रस्ता उजवीकडे लारजीकडे फुटतो. तीर्थन आणि सैंज या दोन नद्या लारजीला बियासला मिळतात. वर सांगितलेले धरण तेच. त्याला मागे टाकून बंजारमार्गे तीर्थनच्या खोऱ्यात शिरले की वरच्या अंगाला मोठे धरण राहत नाही. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ द्यायचा नाही, यासाठी स्थानिकांनी लढा दिला आणि तो मान्यही झाला. या खोऱ्याच्या माथ्याशी असलेल्या ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तो जून २०१४ मध्येच, थलौटच्या दुर्घटनेनंतर दोनच आठवड्यांनी. एका रस्त्यावरची ही दोन टोके मला नेहमी अस्वस्थ करतात.

सातही दिवस एकाच खोऱ्यात राहावे, असे माझे म्हणणे होते. गुशैणी किंवा जिभीला गावकऱ्यांच्या घरी उतरावे; उंची दीड-दोन हजार मीटरच्या आसपास, म्हणजे विरळ हवेची काळजी नाही. पहिला दिवस काहीही करू नये. मुलांना ओढ्याकाठी दगड रचू द्यावेत, घरमालकाच्या मेंढ्यांमागे धावू द्यावे. दुसऱ्या दिवशी चैहणी कोठीला चढावे. हा उंच मनोरा काठकुणी पद्धतीने बांधलेला आहे: देवदाराच्या तुळईवर दगडांचा थर, त्यावर पुन्हा तुळई, मध्ये चुना-सिमेंट काही नाही. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २०,००० माणसे मेली. त्या धक्क्यात या मनोऱ्याचे वरचे मजले पडले, उरलेला अजून उभा आहे, असे गावकरी सांगतात. भूकंप झाला की काठकुणी भिंत हलते पण सहसा कोसळत नाही, याचे कारण अकरा वर्षांच्या मुलाला लाकडाचे चार तुकडे आणि गोटे देऊन अर्ध्या तासात समजावता येते. शाळेतले भूगोलाचे पुस्तक हे वर्षभर समजावू शकत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाय सरावल्यावर, जलोडी खिंड. ती तीन हजार मीटरांहून किंचित उंच आहे, पण तेथे मुक्काम करायचा नाही, म्हणून चालते. खिंडीतून ओकच्या जंगलातली पाचेक किलोमीटरची वाट सरेउलसर तळ्यापर्यंत जाते. चढ-उतार सौम्य आहेत. तळ्याकाठी बूढी नागिणीचे मंदिर आहे. तळ्यात पान पडले की एक पक्षी ते चोचीत धरून काठावर नेऊन टाकतो, अशी तेथली श्रद्धा. धाकटी तासभर त्या पक्ष्याची वाट पाहील, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. निघताना मात्र एक नियम पाळावा: दुपारी किती वाजता मागे फिरायचे ते आधी ठरवावे आणि तळे दिसो वा न दिसो, त्या वेळी फिरावे. डोंगरात ढग दुपारनंतर येतात.

राष्ट्रीय उद्यानात शिरायचे तर परवाना लागतो आणि सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावा. गुशैणीहून उद्यानाच्या वेशीपर्यंतची नदीकाठची वाट मुलांना एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. जमेल तितकी चालावी. वाटाड्याच्या रोजाबद्दल घासाघीस करणाऱ्यांना मी एक पार्श्वभूमी सांगतो. १९९९ मध्ये उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली तेव्हा आसपासच्या गावांचे आतील कुरणांवरचे आणि वनौषधींवरचे पिढीजात हक्क संपले. ज्या कुरणांत त्यांच्या मेंढ्या चरत, तेथे आज आपण मोनाल पक्षी पाहायला जातो. घरात ठेवलेले पाहुणे आणि वाटाड्याचे काम हा त्या बदल्यातला छोटासा मोबदला आहे. शिवाय मोनाल कोणत्या उतारावर बसतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

मोठा मुलगा आणखी साहस मागू लागला तर दोन-तीन वर्षांनी त्याला एखाद्या गिर्यारोहण संस्थेत पाठवावे. तेनझिंग यांच्या एव्हरेस्ट विजयानंतर १९५४ मध्ये दार्जिलिंगची संस्था निघाली, नंतर मनालीची आणि १९६५ मध्ये उत्तरकाशीची. सरकारी शिस्तीत, माफक शुल्कात तेथे मुलांना दोर बांधायला शिकवतात. पाच मिनिटांच्या झिपलाइनपेक्षा ती गाठ अधिक काळ टिकेल.

राहिला प्रश्न महिन्याचा. मे-जूनमध्ये सारा देश एकदम डोंगरात चढतो, आणि जून सरता सरता पाऊस येतो. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने कुल्लू-मनालीचा रस्ता जागोजागी खाऊन टाकला आणि हजारो पर्यटक अडकून पडले. माझ्या मते मुलांसाठी उत्तम काळ ऑक्टोबरचा. खुद्द हिमाचलात काही शाळांना मोठी सुट्टी उन्हाळ्यात असते तर काहींना हिवाळ्यात, कारण सुट्टी हवेप्रमाणे ठरते. उरलेल्या देशातील शिक्षण मंडळांनी सुट्ट्यांची अशी थोडी फेरमांडणी केली, तर रोहतांगच्या परवान्यांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. ते होईपर्यंत दसऱ्याच्या सुट्टीवर भागवावे. देशभरचा उत्सव विजयादशमीला संपतो, कुल्लूचा त्या दिवशी सुरू होऊन सात दिवस चालतो, आणि बंजार खोऱ्यातले देव पालख्यांत बसून त्यासाठी डोंगर उतरतात. त्या आठवड्यात खोली मिळणे कठीण असते. गुशैणीच्या घरमालकाला ऑगस्टमध्येच फोन करावा, आणि मुलांसाठी लोकरीचे कपडे मागवावेत, कारण रात्री गारठा पडतो.