रंग तुमचा, भिंत सगळ्यांची

अमेरिकेत कॉन्डो (इमारतीतलं मालकीचं घर) घेणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचं नेमकं काय असतं? जमीन, छप्पर, जिना यांत त्याचा अविभक्त हिस्सा तेवढा. खास त्याची म्हणावी अशी बहुतेकदा भिंतींच्या आतली पोकळीच. आता पोकळीचा विमा उतरवायचा कसा? त्यासाठी भिंतीच्या जाडीतून एक न दिसणारी रेघ ओढलेली असते. पलीकडचं सगळ्या मालकांच्या असोसिएशनच्या ‘मास्टर पॉलिसी’त, अलीकडचं मालकाच्या ‘एचओ-६’ पॉलिसीत.

फ्लोरिडाच्या कायद्यात ही रेघ पाहण्यासारखी आहे. भिंतीचा जिप्सम बोर्ड असोसिएशनने विम्यात घ्यायचा, त्यावरचा रंग मालकाने. स्लॅब असोसिएशनचा, वरची फरशी मालकाची. बसवलेली कपाटं, ओटा, गीझर, दिवे, पडदे हेही मालकाकडेच. म्हणजे पाइप फुटून एकच भिंत भिजली, तर बोर्डाचा दावा एका पॉलिसीवर आणि रंगाचा दुसऱ्या! (पाइप वरच्या शेजाऱ्याचा असला, तरी हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही तर तो सहसा सुटतो.) इतरत्र हीच रेघ सरकते. कुठे मास्टर पॉलिसी उघड्या भिंतींपाशी थांबते, कुठे थेट स्वयंपाकघरातल्या कपाटांपर्यंत येते.

मला थक्क करतं ते मात्र ‘लॉस असेसमेंट’चं कलम. वादळात छप्पर उडालं, तर मास्टर पॉलिसीचं भलंमोठं डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी देत नाही तो नुकसानीचा पहिला वाटा, आधी असोसिएशनला भरावं लागतं, आणि ते सगळ्या मालकांवर वर्गणी म्हणून वाटलं जातं. तुम्ही तळमजल्यावर राहत असलात तरी. गंमत अशी, की या वर्गणीचाही विमा निघतो. फ्लोरिडात एचओ-६ पॉलिसीत तो किमान २,००० डॉलरचा असावाच लागतो.

पण वयामुळे झिजलेल्या इमारतीच्या दुरुस्तीची वर्गणी त्यात बसत नाही. मायामीजवळ सर्फसाइडला १९८१ मध्ये बांधलेल्या शॅम्प्लेन टॉवर्स साउथमध्ये १३६ घरं होती. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या मालकांवर दुरुस्तीसाठी दीड कोटी डॉलरची वर्गणी बसली. २४ जूनला मध्यरात्रीनंतर इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. असली झीज कुठलीच घराची पॉलिसी भरून देत नाही. ती असोसिएशनच्या राखीव निधीतून, आणि तो पुरला नाही तर मालकांच्या वर्गणीतून भागवावी लागते.

तुमची लेक किंवा भाचा तिकडे कॉन्डो बघत असेल, तर किमतीची घासाघीस नंतर. आधी कोणाच्या मालकीचं काय ते सांगणारं इमारतीचं घोषणापत्र, मास्टर पॉलिसी आणि राखीव निधीचा हिशेब मागवायला सांगा.