मागावरची धाव

एकाने खुणा टाकत पुढे पळावे आणि इतरांनी त्या खुणांवरून त्याचा माग काढावा, या खेळाला इंग्लंडमध्ये 'हेअर अँड हाउंड्स', म्हणजे ससा आणि शिकारी कुत्री, असे म्हणत; खुणा कागदाच्या कपट्यांच्या असल्याने 'पेपर चेस' हे नावही रूढ झाले. श्रूजबरी आणि रग्बी येथील शाळांत तो एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेळला जात होता आणि त्यातूनच पुढे क्रॉस कंट्री शर्यत घडली. परंतु शर्यतीत माग लोपला आणि वेग तेवढा उरला.

मागाचा हा खेळ १९३८ मध्ये क्वालालंपूर येथे नव्याने रुजला. ए. एस. गिस्पर्ट व त्याच्या मित्रांनी तेथे 'हॅश हाउस हॅरिअर्स' हे मंडळ स्थापन केले. 'हॅश हाउस' हे त्यांच्या नेहमीच्या भोजनगृहाचे टोपणनाव होते. गिस्पर्ट १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला, तरी युद्धानंतर उरलेल्या सदस्यांनी मंडळ पुन्हा उभे केले आणि आज त्याच्या शाखा जगभर आहेत.

या खेळाचे खरे सामर्थ्य 'चेक' या युक्तीत आहे. माग आखणारा 'ससा' मध्येच एक ठरावीक खूण करतो आणि तेथून पुढच्या खुणा काही अंतरापर्यंत तोडतो. मग आघाडीचे धावपटू चहूदिशांना पांगतात, त्यांतील काही मुद्दाम आखलेल्या खोट्या मागावर जाऊन परततात, आणि ज्याला खरा माग सापडतो तो 'ऑन-ऑन' अशी आरोळी देतो. या शोधाशोधीत मागे पडलेले पोहोचतात, कित्येकदा पुढेही जातात. धापा टाकणारा वयस्क आणि चपळ तरुण यांना एकाच धावेत एकत्र ठेवणारी, कोणालाही सवलत न देता साधलेली अशी समता क्वचितच एखाद्या मैदानी खेळात आढळते. चेक फार सोपा असला तर घोळका लांबत जातो, फार अवघड असला तर सगळेच अडकून पडतात. म्हणून चांगल्या सशाला जमिनीइतकीच माणसांचीही पारख लागते.

आता मात्र खुणांचेच संकट आहे. कागदाने कचरा होतो, म्हणून अनेक ठिकाणी पीठ आले. पीठ पावसात वाहून जाते आणि शहरात संशयाला कारण होते. अमेरिकेतील न्यू हेवन येथे २००७ मध्ये दुकानाच्या वाहनतळावरील अशाच पिठामुळे दुकान रिकामे करावे लागले आणि ते टाकणाऱ्या दोघांवर आरोप ठेवले गेले. खडूने असा घोटाळा टळतो खरा, पण तो फरसबंदीवरच उमटतो. गवत, चिखल आणि ओढ्याकाठच्या ज्या वाटांसाठी हा खेळ जन्मला, तेथे त्याचा उपयोग नाही.